आयसीयू ते सिटी, २१२ पावलं

आमच्या आयसीयूच्या दारापासून सिटी स्कॅनच्या टेबलापर्यंत २१२ पावलं पडतात. ट्रॉलीच्या उशाशी, एक हात पेशंटच्या तोंडातून श्वासनलिकेत गेलेल्या ट्यूबवर ठेवून चालताना पडणारी माझी पावलं. नोकरीची पहिली सात वर्षं ती मोजायचं मनातही आलं नव्हतं. एका जुलैनंतर मोजली.

हॉस्पिटल सिंधुदुर्गातलं, हायवेपासून थोडं आत. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यापासून मी इथेच आहे. आयसीयू जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. सिटीचं मशीन नंतर आलं, म्हणून ते नव्या इमारतीत, तळमजल्याला. लिफ्ट आहे, पण पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे व्हेंटिलेटरवरचा पेशंट आम्ही लिफ्टमध्ये घालत नाही. रॅम्पने उतरायचं, मग दोन इमारतींमधला पत्र्याचा पॅसेज लागतो. त्याच्या एका अंगाला जांभ्याची कमरेएवढी भिंत आहे, दुसरी बाजू उघडी. पुढे नव्या इमारतीचा उंबरा, डावीकडे वळण आणि सिटी. धडधाकट माणसाला जेमतेम तीन मिनिटांची वाट.

त्या जुलैतला पेशंट पोफळीवरून पडलेला होता. आमच्याकडे पावसात सुपारीला कोळेरोग धरतो. मग जरा उघडीप मिळाली की बोर्डोची फवारणी करायला माणसं पोफळीवर चढतात. खोड ओलं, शेवाळलेलं असतं. हाही तसाच चढलेला. वय ३८. डोक्याला मार, छातीलाही मुका मार. पहिला सिटी आल्या आल्या झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टॉर्च मारून बाहुल्या बघितल्या तर डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी. डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "सिटी रिपीट करायचा. लगेच."

लगेच म्हणजे लगेच. मी तारा आवरल्या, ज्युनिअर डॉक्टरांनी व्हेंटिलेटर काढून अंबू, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, लावला, दोन मामांनी ट्रॉली ओढली. (आमच्याकडे वॉर्डबॉयना मामा म्हणतात आणि आयांना मावशी, वयाने ते माझ्यापेक्षा लहान असले तरी मामाच.) सिलिंडरचा काटा मी बघितला होता, १२० वर होता. अंबूची नळी भिंतीवरच्या ऑक्सिजनवरून काढून सिलिंडरला जोडली, ऑक्सिजन कमी-जास्त सोडायचा फ्लोमीटर फिरवला, फुस्स असा आवाज आला. निघालो. दाराबाहेर त्याची बायको उभी होती. "सिस्टर, ह्येंका खंय व्हरतास?" तिने विचारलं. "फोटो काढायला," एवढंच मी चालता चालता बोलले.

रॅम्प उतरलो. पॅसेजमध्ये शिरलो तेव्हा पाऊस असा लागला होता की पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. अर्ध्या पॅसेजमध्ये माझं लक्ष अंबूच्या मागच्या पिशवीकडे गेलं. अंबूच्या शेपटाला एक पातळ, पारदर्शक पिशवी असते. ऑक्सिजन नीट येत असेल तर ती टम्म फुगलेली असते. ती चिपाड झाली होती. दोन बाजू एकमेकींना चिकटलेल्या. मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, मात्र ९८. आकडा चांगला दिसत होता म्हणून क्षणभर मला वाटलं, पिशवीच कुठे मुडपली असेल. मग खाली वाकून सिलिंडर बघितला. फ्लोमीटरची गोळी तळाला बसलेली आणि काटा शून्यावर.

सिलिंडर रिकामा नव्हता. त्याचा वरचा व्हॉल्व्ह बंद होता. आधीच्या वेळी ज्याने तो वापरला त्याने नंतर चावीने व्हॉल्व्ह नीट बंद केला होता, जसा करायला हवा तसा, आणि फ्लोमीटरही बंद केला होता. मग मधल्या रेग्युलेटरमध्ये थोडा गॅस अडकून राहतो आणि काटा त्या अडकलेल्या गॅसचा दाब दाखवत राहतो. मी फ्लोमीटर फिरवल्यावर जो फुस्स आवाज आला तो त्या अडकलेल्या गॅसचा. दोन-तीन सेकंदांचा. तो थांबला तेव्हा मी तारा सावरत होते, आणि पुढे पत्र्यावरच्या पावसाने काहीच ऐकू दिलं नाही. आणि चावी? ती आयसीयूत, खिळ्याला. तिची जागाच ती होती, वर्षानुवर्षं.

एक मामा चावी आणायला उलटे पळाले. अंबू ऑक्सिजनशिवायही फुगतो, त्यामुळे पेशंटला श्वास मिळत होता, पण साध्या हवेचा, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजनचा. छातीला मार बसलेल्या त्याच्या फुप्फुसांना तो पुरत नव्हता. ९४, ९०, ८४. सॅच्युरेशनचा आकडा उशिरा पडतो आणि पडायला लागला की भराभर पडतो. मागे फिरायचं की पुढे जायचं? सिटीच्या खोलीत जम्बो सिलिंडर असतो हे मला माहीत होतं आणि तो जवळ होता. पुढे पळालो. उंबऱ्यावर ट्रॉली धाडकन आदळली. जम्बोला नळी लावली तेव्हा आकडा ७९ होता. दोन मिनिटांत तो ९६ वर आला. सगळं मिळून चार मिनिटं गेली असतील.

सिटीत डाव्या बाजूला रक्त साकळलेलं दिसलं. संध्याकाळी त्याला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला पाठवलं. मेंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडचे पेशंट बहुतेक तिकडेच जातात. तिथे ऑपरेशन झालं, तो वाचला. काही महिन्यांनी ओपीडीत आला तेव्हा उजवा हात वर होत नव्हता आणि बायको त्याच्या बोटांना धरून चालत होती. डोक्याला मार लागलेल्या माणसाला थोडा वेळही ऑक्सिजन कमी पडणं किंवा बीपी पडणं फार वाईट. आधीच दुखावलेला मेंदू तेवढ्यानेही आणखी दुखावतो. त्या हातात पोफळीचा वाटा किती आणि आमच्या चार मिनिटांचा किती, हे सांगणारी कुठली तपासणी नाही. तिच्याशी मी त्या दिवशी बराच वेळ बोलले. सगळं सांगितलं.

त्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरनी आम्हाला बसवलं होतं. भूलतज्ज्ञ डॉक्टर होते, कारण आयसीयूही तेच बघतात. दोन्ही मामा होते. मी रात्रभर झोपले नव्हते, मेमो मिळणार अशी मनाची तयारी करून गेले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "चावी कुठे राहते?" मी म्हटलं, खिळ्याला. "आणि सिलिंडर?" तो दाराशी. "मग चावी सिलिंडरपाशी का नाही?" याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. ज्याने व्हॉल्व्ह बंद केला त्याचं बरोबर होतं, ज्याने चावी जागेवर लावली त्याचंही बरोबर होतं, काटा मी बघितलाही होता. तरी पेशंट पॅसेजमध्ये ऑक्सिजनशिवाय राहिला. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की काळजीपूर्वक वागणारी माणसं असली की पुरे.

थोरले मामा मालवणच्या किनाऱ्यावरचे, घरात मासेमारी. त्यांनी दुसऱ्या दिवशी जाळ्याची नायलॉनची दोरी आणली आणि चावी सिलिंडरच्या मानेला बांधून टाकली. साखळी लावू या असं कुणीतरी म्हणालं होतं, पण आमच्या खाऱ्या हवेत साधी साखळी दोन पावसाळ्यांत गंजून हातात येते. ती दोरी अजून आहे.

त्याच मामांनी एक गोष्ट प्रेमापोटी केली असती आणि अनर्थ झाला असता. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह गंजाने घट्ट झाला होता, म्हणून ते खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांचा हात वरच्यावर धरला. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला तेल, ग्रीस, काहीही लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं, रेग्युलेटर फुटू शकतो. घट्ट व्हॉल्व्हचा सिलिंडर परत पाठवायचा. तेल फक्त ट्रॉलीच्या चाकांना, तेही लावून झाल्यावर हात साबणाने धुऊन मगच सिलिंडरला हात. मी सात वर्षं सिलिंडर हाताळत होते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी आम्हाला हिशेब शिकवला, इतका सोपा की मामांनीही पाठ केला. आमचा ट्रॉलीवरचा सिलिंडर म्हणजे बी टाइप, काळं अंग आणि पांढरे खांदे, आतली जागा साधारण १० लिटर. काट्याचा आकडा गुणिले १० म्हणजे आत तेवढे लिटर ऑक्सिजन. पूर्ण भरलेला असताना काटा १५० च्या आसपास, म्हणजे १५०० लिटर. अंबूला आपण मिनिटाला १० लिटर सोडतो. म्हणजे काट्याचा जो आकडा तेवढीच मिनिटं. काटा ५० वर असेल तर ५० मिनिटं. फ्लो १५ वर नेला तर ती ३३ वर येतात. आता, सिटीला जाऊन यायला किती वेळ लागतो? सगळे म्हणाले, वीस मिनिटं. डॉक्टर म्हणाले, मोजू या.

मोजायला आम्ही एक रविवार घेतला. धाकटे मामा ट्रॉलीवर पेशंट म्हणून झोपले. त्यांच्या अंगावर मॉनिटरच्या तारा लावल्या, हाताला सलाइनची नळी चिकटवली, औषधाचे पंप बांधले, गालावर ट्यूब चिकटवली आणि निघालो. मला त्या रविवारने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या ट्रेनिंगने शिकवलं नाही. झोपलेल्या मामांनी सांगितलं की रॅम्पवर पाय पुढे करून उतरलं तर बरं वाटतं, डोकं पुढे केलं की रक्त डोक्यात उतरल्यासारखं होतं. डोक्याला मार लागलेल्या पेशंटचं डोकं ३० अंश वर हवं असतं हे पुस्तकात आहे, पण रॅम्पवर ट्रॉली कुठल्या तोंडाने न्यायची हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. उंबऱ्यावर ट्रॉली दोन इंच आपटते आणि त्या धक्क्याने पंपाची क्लिप सुटते. सिटीच्या खोलीत आमच्या मॉनिटरची मोठी पिन बसेल असा एकच प्लग, तो भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात. मॉनिटरची बॅटरी पूर्ण दाखवत होती आणि १७ व्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. आणि वेळ? टेबल रिकामं होईपर्यंत थांबणं, पेशंट उचलणं, सिटी, परत उचलणं, परत येणं धरून ४४ मिनिटं.

म्हणून ठरलं, काटा १०० च्या खाली असेल तर सिलिंडर बदलायचा, मग कितीही लगेच असो. आणि काटा बघायचा तो चावीने व्हॉल्व्ह उघडून, फ्लो सोडून, सावकाश दहापर्यंत मोजून झाल्यावर. तेव्हाही तो हलला नाही तर तो खरा.

निघण्याआधीची दहा मिनिटं आम्ही अशी वाढवली. आधी सिटीला फोन: टेबल रिकामं आहे का, जम्बो भरलेला आहे का. टेबल रिकामं नसेल तर पेशंट आयसीयूतच थांबेल, पॅसेजमध्ये नाही. ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे ते मोठ्याने वाचायचं, "बावीसवर आहे," आणि तो आकडा हातावरच्या टेपवर लिहायचा. सक्शन करून ट्यूबमधला कफ काढून घ्यायचा. यूरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी करायची. छातीत नळी असेल आणि तिच्यातून बुडबुडे येत असतील तर तिला चिमटा लावायचा नाही, बाटली छातीच्या पातळीखाली राहील अशी ट्रॉलीला अडकवायची. चिमटा लावला तर हवा आत कोंडते आणि फुप्फुस दाबलं जातं. बीपीचं औषध, म्हणजे नॉरअॅड, चालू असेल तर सिरिंजमध्ये निदान तासाभराचं असायला हवं. वाटेत सिरिंज बदलण्याची वेळ यायला नको, कारण त्या अर्ध्या मिनिटात बीपी कोसळतं. आणि हे सगळं जोडून झाल्यावर ट्रॉलीच्या सामानावर पेशंटला पाच मिनिटं तिथेच, बेडशेजारी ठेवायचं. जे बिघडायचं ते तिथे बिघडू दे, जिथे भिंतीला ऑक्सिजन आहे, सक्शन आहे, दहा माणसं आहेत.

डॉक्टरांनी सांगितलं की अमेरिकेतल्या क्रिटिकल केअरच्या संस्थेने २००४ साली यावर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही म्हटलंय की अत्यवस्थ पेशंटबरोबर कमीत कमी दोन जाणती माणसं हवीत आणि ईसीजी, सॅच्युरेशन, बीपी बघणं वाटेतही चालूच हवं. ट्रॉली ओढणारे मामा त्याशिवाय. आमच्याकडे रात्री आयसीयूत दोनच सिस्टर असतात. एक गेली की उरलेल्या सहा पेशंटना एक. याचं समाधानकारक उत्तर आमच्याकडे आजही नाही. कॅज्युअल्टीतून कुणाला तरी बोलावतो.

अंबू दाबणाऱ्या हाताबद्दल थोडं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. घाबरलेला हात भराभर दाबतो. मिनिटाला तीस-तीस वेळा. बघणाऱ्याला वाटतं, भरपूर ऑक्सिजन चाललाय. पण इतका श्वास दिला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्याच मेंदूला रक्त कमी पडतं, ज्याच्यासाठी आपण पळतोय. शिवाय छातीत हवा साठत जाते आणि बीपी उतरतं. आता मी दाबणाऱ्याच्या शेजारी चालताना हळू आवाजात म्हणत असते, "दाबा, सोडा, दोन, तीन, चार, पाच. दाबा, सोडा..." पहिल्यांदा मला संकोच वाटायचा, डॉक्टरांना मी काय सांगू म्हणून. एकदा एक ज्युनिअर डॉक्टर परत आल्यावर म्हणाले, सिस्टर, तुमचा आवाज थांबला असता तर माझा हात सुटला असता.

पुढच्या पावसाळ्यात सोळा वर्षांचा एक मुलगा आला. मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखतं म्हणून उठला, सकाळी पापण्या जड, दहा वाजेपर्यंत श्वास बंद. कॅज्युअल्टीत ट्यूब टाकून वर आणला. अंगावर सूज नाही, खूण नाही. हात उचलून सोडला की धप्पकन पडत होता, बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला हलत नव्हत्या. राउंडला आलेल्या डॉक्टरांना मेंदूत काहीतरी झालंय अशी शंका आली. सिटीचा कागद निघाला. मी सिलिंडर तपासायला घेतला होता. भूलतज्ज्ञ डॉक्टर आले, त्यांनी त्याची पापणी बोटाने वर उचलली आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाळा, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव." आम्ही सगळे पायाकडे बघत होतो. अंगठा हलला. मुंगी चालल्यासारखा, पण हलला.

मण्यार. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत नाही, सुजत नाही, खूणही कित्येकदा सापडत नाही. विष स्नायूंना लुळं करतं, पापण्या आणि बाहुल्यांनाही. माणूस मेल्यासारखा दिसतो आणि आतून सगळं ऐकत असतो. त्याला सिटीची गरज नव्हती, सर्पदंशाची लस आणि व्हेंटिलेटरवर काढलेले दिवस एवढंच हवं होतं. लस त्याला आधीच सुरू केली होती, पण एकदा स्नायू लुळे पडले की लसीने ते लगेच परत येत नाहीत, तोवर श्वास आपणच द्यायचा. ट्रॉली परत जागेवर गेली. त्या दिवसापासून आमच्या यादीच्या सगळ्यात वर इन्चार्ज सिस्टरनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "जायलाच हवं का? रिपोर्ट आल्यावर उपचारात काय बदलणार?" याचं उत्तर डॉक्टरांनी एका वाक्यात द्यायचं. ते देता येत नसेल तर आधी पोर्टेबल एक्स-रे, बेडवरची सोनोग्राफी. आणि आणखी एक सवय लागली: पेशंट बेशुद्ध असो वा लुळा, ट्रॉलीवर घेण्याआधी त्याला कानाशी सांगायचं की कुठे नेतोय, किती वेळ लागेल, मी बरोबर आहे. तो मुलगा सहाव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून सुटला. बोलायला लागल्यावर त्याने डॉक्टरांना विचारलं, माका खंय व्हरत होतास?

पूर्ण तयारीनिशी केलेली एक फेरी मला सविस्तर सांगायची आहे. ऑक्टोबर, रात्री अकरा. ट्रॉलरवरचा खलाशी, पोटात पू असल्याची शंका, व्हेंटिलेटरवर, नॉरअॅड जोरात. जायलाच हवं का? डॉक्टर म्हणाले, पू कुठे आहे ते कळलं तर आज रात्री नळी टाकून काढता येईल, नाही कळलं तर सकाळपर्यंत राहणार नाही. जायचं. काटा १३०. नॉरअॅडची नवी सिरिंज. सिटीला फोन. बाहेर त्याचा भाऊ होता, "मी येव काय वांगडा?" त्याला सांगितलं, सिटीच्या दारापर्यंत या, पण ट्रॉलीच्या मागून, आणि वाटेत आम्ही थांबलो तरी घाबरू नका. बेडशेजारी पाच मिनिटं थांबलो. तिसऱ्या मिनिटाला बीपी ७८ झालं. व्हेंटिलेटरवरून अंबूवर आल्याचा परिणाम. डॉक्टरांनी औषध थोडं वाढवलं, १०४ आलं, आणखी पाच मिनिटं थांबलो. हेच पॅसेजमध्ये झालं असतं.

रॅम्प, पाय पुढे. पॅसेजमध्ये लाइट गेली. धाकट्या मामांच्या कपाळाला हेडलाइट होता, ते रात्री खेकडे पकडायला वापरतात तो. आता तो ट्रॉलीच्या सामानातलाच एक झालाय. उंबऱ्यावर मामांनी टायरचं रबर कापून उतार केला आहे, त्यावरून चाक अलगद गेलं. जनरेटर सुरू झाला. टेबलावर घेताना हुकूम एकच माणूस देणार, उशाशी जो असेल तो, आणि त्याची मूठ ओठाशी ट्यूबवर: "तीनवर उचलायचं." घेतलं. ट्यूब बघितली, बावीस.

मग टेबल आत जायला लागलं. सिटीचं टेबल मशीनच्या गोलात सरकतं, पेशंट सरकतो आणि त्याच्याबरोबर नळ्याही. टेक्निशियन काचेपलीकडे, डॉक्टर मॉनिटरकडे बघतायत, मी पंपाकडे. थोरले मामा भिंतीशी उभे होते. "थांबा!" ते एवढ्याने ओरडले की टेक्निशियनचा हात आपोआप बटणावरून उठला. श्वासाची नळी टेबलाच्या कडेच्या हुकात अडकून ताणली गेली होती, दोरीसारखी सरळ. आणखी चार बोटं टेबल आत गेलं असतं तर ट्यूब बाहेर आली असती, मशीनच्या गोलात, पाठीवर झोपलेल्या, पोट फुगलेल्या माणसाची. ती परत टाकायला किती वेळ लागला असता याचा विचार मी करत नाही.

नळी सोडवली. ट्यूबचा आकडा बघितला, बावीसच. डॉक्टर म्हणाले, आता आधी रिकामं चालवून बघू, टेबल पूर्ण आत, पूर्ण बाहेर, सावकाश, आणि मामा, तुम्ही नळीबरोबर चाला. मामा चालले. मग सिटी झाला.

वर्षापूर्वी मामा असे ओरडले नसते. त्यांना दिसलं असतं तरी ते माझ्याकडे बघत राहिले असते, कारण डॉक्टरांसमोर मामांनी बोलायचं नाही अशीच रीत होती. रविवारच्या सरावात डॉक्टरांनी प्रत्येकाकडून, मावशींकडूनही, तीन-तीन वेळा मोठ्याने "थांबा" म्हणवून घेतलं होतं. तेव्हा सगळे लाजत होते.

परतीची वाट आम्ही वेगळी धरतो, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. काटा पुन्हा वाचला: ८६. सिरिंज पुन्हा बघितली. जाताना सगळे सावध असतात आणि येताना काम झालं म्हणून हात सैल पडतात, हे मी माझ्याच हातांवरून सांगते. आयसीयूत पोचल्यावर व्हेंटिलेटर लावला, दोन्ही बाजूंनी छाती ऐकली, बीपी ११० होतं, अंग गार पडलं होतं म्हणून पांघरूण घातलं. सिटीच्या खोलीतला एसी आजारी माणसाला पार गोठवतो. रात्री एक वाजता नळी टाकली आणि वाडगाभर पू निघाला. तो खलाशी सतराव्या दिवशी चालत घरी गेला.

आता प्रत्येक फेरीनंतर एका वहीत दोन ओळी लिहितो: किती मिनिटं लागली आणि काय अडकलं. नाव कुणाचंही लिहायचं नाही, फक्त वस्तूचं. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली वस्तू म्हणजे पॅसेजच्या वळणावरचा पत्रा. तो गळतो आणि खाली शेवाळ धरतं. एप्रिलमध्ये धाकटे मामा तिथे वाळू टाकतात, पहिल्या मोठ्या सरीला ती वाहून जाते. वहीतली ती सगळी पानं झेरॉक्स करून आम्ही वर दिली आहेत, दोनदा. मृग लागायच्या आत पत्रा बदलून मिळावा असं अर्जात लिहिलंय. खाली आम्हा नऊ जणांच्या सह्या आहेत, मामांच्या आणि मावशींच्याही.